मागच्या चाकांची गाडी, बर्फ आणि तो फॉरवर्ड

थंडी सुरू झाली की हा फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो मला बेळगावातल्या टिळकवाडीच्या मावशीकडून आला. खाली तिची एकच ओळ: "हे खरं आहे काय रे? गाडी विकून टाक म्हणून सांगू त्याला?" मावसभाऊ जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. उन्हाळ्यात त्याने सेकंडहँड माझदा एमएक्स-५ घेतली. दोन सीटची, बुटकी, इंजिनचा जोर मागच्या चाकांना.

फॉरवर्डचं म्हणणं असं: मागच्या चाकांची स्पोर्ट्स कार बर्फात हमखास गरकन फिरते. पुढच्या चाकांची किंवा चारही चाकांना जोर असलेली फोर-व्हील गाडी सुरक्षित, ती लवकर थांबते, तिला वेगळे टायर लागत नाहीत. मागच्या चाकांची गाडी बाहेर काढायचीच असेल तर डिकीत वाळूची पोती टाका, टायरची हवा उतरवा, आणि घसरली की ब्रेक दाबत-सोडत राहा.

मी तिकडे पाच हिवाळे काढले, त्यातले तीन अशाच गाडीत. आता परत येऊन उद्यमबागेत हायड्रॉलिक्सचं काम करतो. आपल्याकडची कितीतरी मुलं जर्मनीत आणि कॅनडात आहेत आणि त्यांच्या आया हे वाचून रात्र रात्र झोपत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात घातक वाक्य आधी घेतो: फोर-व्हील गाडी लवकर थांबते. ब्रेक चारही चाकांना असतात, मारुती असो, जीप असो की एमएक्स-५. इंजिन पुढून ओढतंय की मागून ढकलतंय, याचा थांबण्याशी जवळपास काही संबंध नाही. थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणाचा जोर. हिशेब करून बघा. ताशी ५० किलोमीटरला कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची गाडी निव्वळ ब्रेकवर साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर घर्षण पाव हिश्शावर येतं आणि तेच अंतर ५० मीटरच्या घरात जातं. गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर शंभर मीटर. फोर-व्हीलचा खरा फायदा आहे तो गाडी जागची हलवताना आणि चढ चढताना. मला तिथंच भीती वाटते. गाडी सहज पळते म्हणून माणसाला वाटतं रस्ता बरा आहे, आणि पकड नाही हे त्याला पहिल्या ब्रेकला कळतं.

आता टायर. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. हे मी नुकसान सोसून शिकलो. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात, बर्फाचा कणही पडलेला नसताना, पारा ४ अंशांवर आणि रस्ता नुसता ओला. गोल चौकात वेग पंचवीसच्या आसपास. बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटरवर जरा पाय पडला आणि गाडीचं मागचं अंग बाजूला निघून गेलं. मागचं चाक फूटपाथच्या दगडावर आदळलं, रिमची कड आत वळली. टायर उन्हाळी होते, "बर्फ पडल्यावर बदलू" म्हणून मीच ठेवलेले. त्याच गाडीला, त्याच मागच्या चाकांना विंटर टायर बसवल्यावर जानेवारीच्या बर्फातून मी रोज कामावर गेलो.

जर्मनीत हा नुसता सल्लाही नाही. बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला रस्ता असेल तर योग्य टायरशिवाय गाडी चालवायला २०१० पासून स्पष्ट बंदी आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाचा कण असलेली खूण लागतेच. नियम सगळ्या मोटारींना सारखाच, फोर-व्हीललाही.

वाळूच्या पोत्यांचा सल्ला कुठून आला ते आपल्या लोकांना सांगायला नको. जुलैत कणकुंबीच्या पुढे चोर्ल्याच्या चढावर रिकामी बोलेरो पिकअप तांबड्या चिखलात फसली की मागचं चाक जागेवर गरगरतं. मग ड्रायव्हर दोन माणसांना हौद्यात बसवतो, नाहीतर रस्त्याकडेचे दगड भरतो, आणि गाडी निघते. पिकअपला ते बरोबरच आहे. रिकामी असताना तिचं वजन बहुतेक पुढच्या एक्सलवर असतं आणि जोर मागच्या चाकांना. एमएक्स-५ चं वजन पुढेमागे जवळपास निम्मं निम्मं आहे. तिच्या डिकीत, म्हणजे मागच्या एक्सलच्याही पलीकडे, पन्नास-साठ किलो टाकले तर निघताना थोडी मदत होईल. पण तेच वजन वळणावर शेपटाला बाहेर ओढतं, आणि एकदा फिरायला लागलेलं शेपूट आवरायला जड जातं. शिवाय पोतं बांधलं नसेल तर ते डिकीभर सरकणार.

हवेबद्दल थोडक्यात. थंडीत टायरची हवा आपोआप उतरते, दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय. वीस अंशांना भरलेला टायर उणे दहाला पाच पीएसआय कमी दाखवतो. त्यात आणखी उतरवायची नाही, गाडीच्या दारावर लिहिलेल्या आकड्यापर्यंत भरायची.

मागचं अंग फिरतं, हे मात्र खरं आहे, आणि ते मी नाकारणार नाही. पुढच्या चाकांची गाडी घसरली तर बहुधा वळायचं सोडून सरळ जाते. पाय काढला की पुष्कळदा सावरते. मागच्या चाकांची गाडी जास्त जोर दिला की शेपूट काढते आणि एकदम पाय काढला तरी काढू शकते, कारण इंजिनचा रोध मागच्याच चाकांवर येतो. नवख्याला हे अवघडच. पण यावर पोतं हा उपाय नाही, सराव हा आहे. तिथल्या एडीएसी या मोटार क्लबची प्रशिक्षण मैदानं आहेत. जमिनीत बसवलेली हायड्रॉलिक प्लेट असते, वरून पाणी सोडलेलं. मागची चाकं तिच्यावर आली की प्लेट त्यांना बाजूला झटका देते आणि गाडी फिरते. दिवसभर तेच. पहिल्या चार वेळा मी पूर्ण फिरलो. नजर खांबावर जात होती, आणि नजर जाते तिकडे हात जातात. पाचव्या वेळी क्लच दाबला, जायचं तिकडे बघितलं, स्टेअरिंग तिकडे दिलं, गाडी सरळ झाली.

ब्रेक दाबत-सोडत राहण्याचा सल्ला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नसलेल्या गाड्यांच्या काळातला. एबीएस असेल तर पूर्ण ताकदीने दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. पेडल पायाखाली थरथरतं, खरखर आवाज येतो, तेव्हा ते आपलं काम करत असतं. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ईएसपी, म्हणजे घसरती गाडी सावरणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रणही सक्तीचं आहे. शेपूट निघायला लागलं की ते स्वतः एकेका चाकाचा ब्रेक धरतं. गाडी बर्फात रुतून बसली असेल तेवढ्यापुरतं ते बंद करावं, एरवी हात लावू नये.

एक गोष्ट फॉरवर्डने सांगितलीच नाही, आणि ती मावशीच्या प्रश्नाला जास्त धरून आहे. या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभरही उंच नाही. बर्फ त्याहून जाड साचला तर गाडी पोटावर बसते आणि चाकांना टेकायला काही उरत नाही. तेव्हा टायर, सराव, ईएसपी सगळं निरुपयोगी. त्या दिवशी गाडी काढायची नाही.

हे सगळं मावशीला लिहायच्या आधी भावाला फोन केला. त्याने विंटर टायर सांगून ठेवले होते, पण दोनच, मागच्या चाकांना, "जोर तिथंच आहे ना, दादा." म्हणजे वळवणारी आणि ब्रेकचा मोठा भार घेणारी पुढची चाकं उन्हाळी टायरवर. दुकान उघडं होतं तोवर त्याला फोन करायला लावला. आता चार सांगितलेत, १९५/५० आर १६, उन्हाळी टायरपेक्षा जरा अरुंद. गुरुवारी बसतील. तोवर तो लोकलने कामाला जाणार आहे, आणि तेवढं मी मावशीला कळवलंय.