आमची सरासरी अडतीस

२०२२-२३ साली आमचा फ्रीज सात महिने बंद होता. कॉम्प्रेसर गेलेला. मेकॅनिकनं खर्चाचा आकडा सांगितल्यावर मी म्हणालो, "राहू दे. बेळगावच्या हवेला फ्रीज कशाला लागतोय?" त्याच वर्षी आई चार महिने ताईकडं कोल्हापूरला होती, म्हणजे तिचा पंखा आणि तिच्या दुपारच्या मालिका दोन्ही बंद. त्याच वर्षी मी साठ वॅटचे पिवळे बल्ब काढून नऊ वॅटचे एलईडी बसवले. अंघोळीच्या पाण्याला परसातला बंब होताच. त्यात करवंट्या, सुताराकडच्या ढलप्या आणि पोराच्या जुन्या वह्या. महिन्याचं बिल हातात आलं की मी ते शहापूरच्या आमच्या गल्लीत दोन-चार जणांना दाखवून यायचो.

ते पुण्य नव्हतं, पाप होतं, हे पुढच्या वर्षी कळलं.

२०२३ च्या ऑगस्टपासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेची बिलं यायला लागली. दोनशे युनिटपर्यंत वीज फुकट! गल्लीनं ऐकलं ते एवढंच. मी तर गीझरची किंमतही विचारून आलो. मग बिल आलं. ते कन्नडात. आमचं बोलणं मराठी आणि कागद कन्नड, याची आता सवय झालीय. आकडे तेवढे आमचे आम्ही वाचतो. तो आकडा बघून मी बिल घेऊन शेजारच्या अण्णांकडं गेलो. अण्णा निवृत्त कारकून, नियम त्यांना जेवणातल्या लोणच्यासारखे लागतात.

"दोनशे ही वरची हद्द झाली," अण्णा म्हणाले. "तुला मिळणार २०२२-२३ ची तुझी महिन्याची सरासरी, अधिक दहा टक्के. तुझी सरासरी किती?"

"अडतीस."

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. कुणी गेल्याचं कळल्यावर माणूस राहतो तसे.

अडतीसवर दहा टक्के म्हणजे बेचाळीससुद्धा पुरते नाहीत. अण्णांची सरासरी एकशे साठ. त्या वर्षी त्यांच्याकडं एसी होता, गीझर होता आणि अंगणातला दिवा रात्रभर कुत्र्यासाठी जळत होता. त्यांना एकशे शहात्तर फुकट. ज्यानं जाळलं त्याला तेल, ज्यानं वाती वाचवल्या त्याला चिमटा. पुढं २०२४ मध्ये आमच्यासारख्या किडूकमिडूक वापरणाऱ्यांना दहा टक्क्यांऐवजी सरळ दहा युनिट वाढवून मिळाले आणि आमचा हक्क अठ्ठेचाळीसवर गेला. त्या दिवशी मी पेढे आणले. बायको म्हणाली, "पेढ्याला किती गेले?"

अठ्ठेचाळीस म्हणजे रोजचे एक पूर्णांक सहा. आता फ्रीज दुरुस्त झालेला, तो एकटाच रोज एक युनिटच्या आसपास खातो. उरलेल्या सहा दशांशात पंखा, दिवे, टीव्ही, मिक्सर, मोटर, इस्त्री आणि पोराचा मोबाइल. मी वही घातली. सकाळी उठल्यावर देवाच्या आधी मीटरला हात जोडायचे आणि आकडा टिपायचा. पंच्याहत्तर वॅटचा पंखा तेरा तास फिरला की एक युनिट. हजार वॅटची इस्त्री तासभर लावली की एक युनिट. चार मिनिटं मिक्सर म्हणजे युनिटाचा विसावा भाग. चटणीच्या वाटीकडं बघून मी हे मोठ्यानं म्हणालो, त्या दिवशी चटणी वाढली नाही.

मग आईचा पाटा-वरवंटा बाहेर आला. दोशाचं पीठ मात्र पाट्यावर कोण वाटणार? "मी अण्णांच्यात जाऊन वाटून आणतो," बायको म्हणाली. (आमच्याकडं बायकाही 'जातो', 'आणतो' म्हणतात. माझी पुण्याची भावजय अजून दचकते.) हळूहळू पीठ अण्णांकडं, इस्त्री अण्णांकडं, मोबाइल अण्णांकडं. त्यांचे युनिट उरतच होते. अण्णा दिलदार, खरं (म्हणजे आमच्याकडचं 'पण') हिशोबी. दर खेपेला वाटीभर पीठ ठेवून घ्यायचे.

फ्रीज रात्रीचा बंद करायची कल्पना माझी. मे महिना होता. सकाळी दोन लिटर दूध नासलं. मला वाटलं, बेळगावात राहतो आपण, आटवून साखर घातली की कुंदा होईल. पाऊण तास गॅस जळला, पाव किलो साखर गेली आणि जे झालं ते अण्णांच्या कुत्र्यानंही वासावर परत पाठवलं. वहीत मात्र त्या रात्रीचे तीन दशांश युनिट वाचलेले आहेत. हिरव्या शाईनं.

दुसरी युक्ती जास्त चालली. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट. बायको दिवसभर बाहेर असली की मीटर हळू चालतो, हे वहीवरून स्पष्ट होतं. म्हणून मी तिला माहेरी कोल्हापूरला जायचा आग्रह करायला लागलो. आधी तिला ते प्रेम वाटलं. राज्याबाहेरच्या गाडीला सवलत नाही, म्हणून ती निपाणीपर्यंत शून्याचं तिकीट काढून जायची आणि तिथं उतरून पुढची गाडी बघायची. एकदा निपाणीच्या स्टँडवर भर पावसात दोन तास उभी राहिली, तेव्हा तिला वहीची आठवण झाली. घरी आल्यावर ती वही कुठं गेली ते मी विचारलेलं नाही. दोन दिवसांनी बंबाखाली तिचा पुठ्ठा दिसला.

गणपतीला पुण्याचा भाऊ आला सहकुटुंब. पाच दिवस. पहिला प्रश्न, "गीझर कुठंय?" मी बंब दाखवला. भावजयीनं त्याचा फोटो काढला आणि फोन चार्जिंगला लावला. मखराला लुकलुकत्या माळा, रोज पाच जणांची इस्त्री, पोरांचा रात्री एकपर्यंत टीव्ही. मी आरतीत डोळे मिटून उभा राहायचो ते भक्तीनं नव्हे. मीटरची चकरी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

महिनाअखेर मीटरवाला आला. यंत्रातून कागद सरसर बाहेर आला. शेजारी अण्णांना तो म्हणाला होता, "झीरो बंदैत्री." म्हणजे शून्य आलंय. मला काही न म्हणता कागद दिला. एकसष्ट युनिट. तेरा जास्त. पैसे शंभराच्या आत.

बायकोनं कागद बघितला. "एवढंच? एवढ्यासाठी मी निपाणीत भिजलो?" मग तिनं बोटं मोडत हिशोब घातला: दूध, साखर, गॅस, पेढे, अण्णांनी ठेवून घेतलेलं पीठ, तिकडची तिकिटं. मी मध्येच थांबवलं.

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर कुणीतरी म्हणालं, सरासरी परत नव्यानं काढणार म्हणे, यंदाच्या वापरावर. खरं-खोटं देव जाणे, खरं एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा कसा फसेल? घरी आलो आणि सगळे दिवे लावले. माळ्यावरचा, संडासातला, परसातला. दोन्ही पंखे. गणपतीच्या माळा परत काढून गॅलरीला बांधल्या. आईला म्हणालो, टीव्ही बंद करू नको.

अण्णा दारात आले. "काय गा, कार्य हाय काय घरात?"

"नाही अण्णा," मी म्हणालो, "काटकसर चाललीय."