जीभ सरळ आली म्हणून घरी थांबू नका

पक्षाघाताबद्दलचा एक निरोप गेली कित्येक वर्षं व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. एका मेजवानीत एक बाई अडखळून पडतात, 'काही नाही, ठीक आहे' म्हणतात आणि त्याच संध्याकाळी दगावतात. पुढे उपाय सांगितलेला असतो. माणसाला हसायला सांगा, एक साधं वाक्य बोलायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, जीभ बाहेर काढायला सांगा. जीभ वाकडी आली तर पक्षाघात. तीन तासांत डॉक्टरांपर्यंत पोचलात तर सगळं पूर्ववत होतं. याच्याच जोडीने दुसरा निरोप येतो, की दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा आणि तोंड वाकडं झालं असेल तर कानाच्या पाळ्यांना टोचा.

मी मेडिसिनचा डॉक्टर आहे आणि वॉर्डात विद्यार्थ्यांना जवळपास हीच तपासणी शिकवतो. या निरोपातलं निम्मं खरं आहे, आणि त्या निम्म्याच्या भरवशावर लोक उरलेलंही खरं मानतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सुरुवात जिभेपासून करतो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथे होतो. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत, त्यातली बारावी जिभेची. जिभेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू तिला पुढे आणि विरुद्ध बाजूला ढकलतात. एक बाजू दुबळी झाली की दुसरीचा जोर वरचढ होतो आणि जीभ दुबळ्या बाजूकडे वळते. इथपर्यंत निरोप बरोबर आहे. पण पक्षाघाताच्या कितीतरी रुग्णांची जीभ अगदी सरळ बाहेर येते. उलटंही होतं. ओठाचा एक कोपरा लोंबत असेल तर सरळ जीभसुद्धा तिरकी दिसते. म्हणून आम्ही तो कोपरा बोटाने उचलून धरतो आणि जीभ दातांच्या मधल्या रेषेशी ताडून पाहतो.

एका रात्री जेवताना एका काकांच्या हातातला घास दोनदा निसटला. घरच्यांनी जीभ पाहिली, सरळ होती, म्हणून सगळे निर्धास्त झोपले. सकाळी माझ्याकडे आणलं तेव्हा उजवा हात-पाय पूर्ण गेलेला होता. त्या घरातल्या कुणाचीही चूक नव्हती. त्यांनी निरोपावर विश्वास ठेवला होता. वाकडी जीभ दिसली तर निघा, हे ठीक. सरळ दिसली तर थांबा, असा अर्थ मात्र त्यातून कधीही निघत नाही.

'हसायला सांगा.' हे चांगलं आहे, फक्त त्याऐवजी 'दात दाखवा' म्हणा. मेंदूतल्या काही पक्षाघातांत सांगून हसताना चेहरा ओढला जातो, पण आपसूक हसू आलं की दोन्ही बाजू सारख्या हलतात. मग घरचे म्हणतात, आत्ताच तर छान हसले! तोंड वाकडं झालं की अंगावरून वारं गेलं, हाही समज आहे, आणि तोही नेहमी खरा नसतो. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून आज्ञा येते. त्यामुळे मेंदूच्या एका अर्ध्यात बिघाड झाला तर गाल आणि ओठ लोंबतात, पण कपाळावर आठ्या पडतात. आठ्याही पडत नसतील आणि डोळाही मिटत नसेल, तर बहुतेकदा चेहऱ्याची सातवी नसच सुजलेली असते. त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. पण हा निवाडा घरी करू नका. मेंदूच्या देठातला पक्षाघात हुबेहूब असाच दिसू शकतो. शिवाय बेल्स पाल्सीत स्टेरॉइड ७२ तासांच्या आत सुरू करायचं असतं. दोन्हीकडून रस्ता दवाखान्याकडेच जातो.

हात नुसते वर करून भागत नाही. जोर लावून क्षणभर हात कुणीही उचलतो. तळवे वरच्या दिशेला ठेवून दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगा, डोळे मिटायला सांगा आणि दहापर्यंत मोजा. मेंदूकडून हाताकडे येणारा मार्ग दुखावला असेल तर तळवा हळूहळू आत वळतो आणि हात खाली सरकतो. हे मार्ग मेंदूच्या तळाशी एकमेकांना ओलांडतात, म्हणून डाव्या मेंदूतला बिघाड उजव्या हातात दिसतो. बोलण्याचं केंद्र बहुतेकांत डावीकडेच असतं, त्यामुळे उजवा हात आणि वाचा अनेकदा एकदमच जातात. पायाबद्दल निरोपात एक शब्दही नाही, आणि काही पक्षाघातांत आधी पायच जातो.

तोल आणि नजर तर निरोपात अजिबातच नाहीत. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहरा, हात आणि बोलणं एवढंच पाहिलं तर सुमारे १४ टक्के रुग्ण निसटत होते. त्यात तोल किंवा पाय आणि नजर यांची भर घातल्यावर ते प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास आलं. लहान मेंदूचा पक्षाघात झालेला माणूस हात उचलतो, हसतो, नीट बोलतो. पण अचानक गरगरतं, उलट्या होतात, एकाचे दोन दिसतात, उभं राहता येत नाही. घरचे म्हणतात पित्त खवळलं आणि लिंबू सरबत देतात. अशा वेळी तोंडाने काहीही देऊ नका. गिळण्याच्या नसा दुबळ्या असतील तर पाणीसुद्धा फुप्फुसात जातं.

'तीन तासांत सगळं पूर्ववत होतं.' नाही होत, आणि हे वाक्य वाचून आलेल्या नातेवाइकांच्या डोळ्यांत नंतर पाहणं फार कठीण जातं. मेंदूच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मोठी चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीन तासांत औषध मिळालेल्यांपैकी जास्त जण तीन महिन्यांनी जवळपास स्वावलंबी झाले, पण सगळे नाही. शिवाय ६.४ टक्के जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होतं. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. मुळात आधी सीटी स्कॅन लागतो, कारण काही पक्षाघातांत गुठळी नसून रक्तवाहिनी फुटलेली असते. म्हणूनच घरी ॲस्पिरिन देऊ नका. बीपी झटकन उतरवणारी गोळीही देऊ नका.

सुईबद्दल फार लिहीत नाही. अडथळा मेंदूच्या धमनीत आहे, बोटातून दोन थेंब काढून तो हलत नाही. मोठी धमनी बंद झाली की उपचाराविना मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ सालचा अंदाज आहे. दहा बोटं टोचायला किती मिनिटं जातात ते मोजा.

१०८ ला फोन करा, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा आणि गाडी येईपर्यंत एक कागद घ्या. त्यावर रोजच्या गोळ्या लिहा, रक्त पातळ करणारी असेल तर ती सगळ्यात वर. मधुमेह असेल तर तेही लिहा, कारण साखर उतरल्यावरही नेमकं असंच दिसतं. आणि माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहा. रात्री दहाला नीट झोपले आणि सकाळी सहाला हात हलेना, तर आम्ही वेळ दहापासून मोजतो. तरी 'आता उशीर झाला' असं घरीच ठरवू नका. निवडक रुग्णांत मोठ्या धमनीतली गुठळी २४ तासांपर्यंतही काढता येते.