आधी खेळवा तरी!

फुटबॉल खेळणारं पोरगं विशीतलं, केस रंगवलेले, गोल केला की नाचतं. झालं! समालोचकांपासून टीव्हीसमोरच्या काकांपर्यंत सगळ्यांचं एकच पालुपद: "आधी संघात जागा मिळव, मग मिरव." अहो, पण मिळवायची कशी? पाच बदली खेळाडू उतरवायची मुभा असूनही हा येतो अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, तेही वेळ काढायला. चेंडू पायाला लागला नाही की लगेच 'डोक्यात हवा गेलीय'. (कर्णधारानं असंच मिरवलं की रुबाब!)

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबनं 2012 मध्ये तरुण पॉल पोग्बाला जवळपास फुकटात जाऊ दिलं. इटलीच्या युव्हेंटसनं त्याला खेळवलं, चार हंगामांत चार लीग विजेतेपदं जिंकली. 2016 मध्ये युनायटेडनंच 8 कोटी 90 लाख पौंड मोजून त्याला परत आणलं. घ्या!