क्रॅशच्या ओळीवर नल चेक टाकून बग जात नाही

पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. भाचीने तो मला पाठवला, "मामा, सुट्टीत हेच करू का?" म्हणून. मेसेज सांगतो: फझरने (अंदाधुंद इनपुट देऊन बग शोधणारं साधन) काढलेले कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) क्रॅश नकली असतात, असले सिस्टिम कॉल (कर्नलकडे केलेल्या मागण्या) खरा प्रोग्रॅम करतच नाही. तरी सिझबॉटच्या (लिनक्स कर्नलवर सिझकॉलर हा फझर सतत चालवून सापडलेले क्रॅश जाहीर करणारा बॉट) यादीतला एक उचला, स्टॅक ट्रेसच्या (क्रॅशच्या वेळी कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची यादी) सर्वांत वरच्या ओळीवर नल चेक (पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, रिकामा आहे का ही तपासणी) टाका, क्रॅश थांबला की पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवा. रेझ्युमेवर लिनक्स कर्नल!

आधी नल चेकचं, कारण खरं नुकसान तिथे आहे. केसॅन म्हणजे कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन. त्याच्या रिपोर्टमध्ये सर्वांत वरच्या ओळी रिपोर्ट छापणाऱ्या फंक्शनांच्याच असतात. तिथे काय टाकणार? शिवाय यातले कितीतरी क्रॅश यूज-आफ्टर-फ्री असतात. मेमरी सोडून दिलेली, पण कुणीतरी जुना पत्ता धरून बसलेलं. तो पॉइंटर नल नसतो! पत्ता तोच, आतलं बिऱ्हाड बदललेलं. तुमचा नल चेक तो सहज पार करतो. म्हणून तर केसॅन तीन स्टॅक देतो: मेमरीला हात कुठे लागला, ती कुठे घेतली, कुठे सोडली. तिन्ही शेजारी ठेवून वाचा. रेफकाउंट (ऑब्जेक्ट किती जण वापरतायत याची मोजणी) न वाढवता पॉइंटर कुणी ठेवला, लॉक (एका वेळी एकालाच हात लावू देणारं कुलूप) न घेता ऑब्जेक्ट कुणी सोडलं, हे तिथे कळतं. आणि क्रॅश थांबला हा पुरावा नव्हे. रेस (एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांचा क्रम चुकणं) असेल तर एका जादा ओळीनेही टायमिंग सरकतं आणि रिप्रोड्यूसर (क्रॅश पुन्हा घडवणारा प्रोग्रॅम) गप्प बसतो. बग जागच्या जागी.

"नकली" म्हणणाऱ्यांनी सीव्हीई-२०१७-६०७४ (सुरक्षा-त्रुटीचा नोंदणी क्रमांक) वाचावं. आंद्रेइ कोनोवालोव यांना सिझकॉलरने सापडलेला, डीसीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलमधला डबल फ्री, म्हणजे एकच मेमरी दोनदा सोडणं. आयपीव्ही६ सॉकेटवर एक विशिष्ट ऑप्शन लावून डीसीसीपीवर लिसन करायचं, हे कोणता रोजचा प्रोग्रॅम करतो? कोणताच नाही. म्हणूनच २००५ पासूनचा बग २०१७ पर्यंत कुणाला दिसला नाही. पण डीसीसीपी असलेल्या कर्नलवर साध्या यूजरला त्यातून रूट (मशीनवरचे सर्वाधिकार) मिळवता येत होतं. हल्लेखोर रोजचे कॉल करत नाही. आणि दुरुस्ती? नल चेक नव्हे. पॅकेटचा बफर रेफकाउंट न बघता सोडला जात होता, तो रेफकाउंट पाळून सोडायला लावला.

काही क्रॅश मुद्दाम बिघडवलेली फाइल सिस्टिम इमेज रूटने माउंट केल्यावरच येतात, आणि मेंटेनर (कर्नलचा तो भाग सांभाळणारे) ते मागे ठेवतात, हे मान्य. ॲलोकेशन (मेमरी मागणं) फसल्याचं तपासायचं राहिलं असेल तर नल चेक हीच दुरुस्ती, हेही मान्य. पण ते कारण सापडल्यावर ठरतं.

राहिला रेझ्युमे. पॅच पाठवला की मेंटेनरचा पहिला प्रश्न येतो, हा पॉइंटर नल झालाच कसा? शिवाय बग ज्या कमिटने (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाने) आणला तो "फिक्सेस" ओळीत लिहावा लागतो. तो गिट ब्लेम (कोणती ओळ कुठल्या बदलात आली ते बघणं) आणि बायसेक्ट (जुन्या आवृत्त्या निम्म्या-निम्म्या करत तपासणं) करून, कोड वाचूनच सापडतो.