तव्यावरची पोळी

गेल्या महिन्यात एका मंगळवारी रात्री मी मोबाइलवर वेळ लावून जेवले. ६ मिनिटं ४० सेकंद. दोन पोळ्या, चमचाभर गिलकीची भाजी, उरलेला सगळा भात आणि वरण, एवढं त्यात संपलं. शेवटचा घास तोंडात होता तेव्हा मी उभी होते, कारण दूध वर येत होतं.

वेळ लावायचं कारण असं, की त्याच आठवड्यात माझा रक्ताचा रिपोर्ट आला होता. एचबीए१सी ६.१. म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि मी त्या उंबरठ्यावर उभी आहे. डॉक्टरांनी काय खाता, किती चालता हे विचारलंच. मग सहज विचारावं तसं विचारलं, "जेवायला किती वेळ लागतो तुम्हाला?" मला उत्तरच देता आलं नाही. बावन्न वर्षांत हे मी कधी मोजलंच नव्हतं.

आपल्या इंदुरात कुणाला शुगर निघाली की सल्ले ठरलेले असतात. सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार बंद, छप्पन दुकानची खाऊगल्ली बंद, जिलबी बंद, शेव बंद. मलाही ते सगळे मिळाले, प्रेमानं मिळाले. पण मी शांतपणे आठवून पाहिलं. गेल्या वर्षभरात मी सराफ्यात तीनदा गेले. एकदा पुण्याचे पाहुणे आले म्हणून, एकदा थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला, एकदा भाचीच्या लग्नाच्या आदल्या रात्री. तीन रात्रींनी हा आकडा आला, असं मला कुणी सांगू नये. हा आकडा उरलेल्या ३६२ रात्रींचा आहे. माझ्याच स्वयंपाकघरातल्या, साध्या वरण-भात-भाजी-पोळीच्या रात्रींचा.

आणि सकाळच्या पोह्यांनाही मी दोष देणार नाही. ठेल्यावरचे पोहे नीट बघितलेत कधी? खाली पातेल्यात पाणी उकळत असतं, वर परातीत पोह्यांचा ढीग त्या वाफेवर तासन् तास मऊ राहतो. तेल नावाला, बडीशेपेचा वास, वरून जीरावण मसाला आणि लिंबू. चांगला पदार्थ आहे तो. त्यावर मूठ मूठ शेव पडते आणि शेजारी जिलबी येते तो भाग वेगळा. घरी मी आता त्यात मोड आलेली मटकी आणि मटार घालते, पोट दुपारपर्यंत भरलेलं राहतं. पण मला आज पोह्यांबद्दल लिहायचं नाहीये. मला पोळीबद्दल लिहायचं आहे.

आमच्याकडे पोळी तव्यावरून थेट पानात पडते. माझ्या माहेरीही तसंच होतं, सासरीही तसंच. मराठी घरात यालाच वाढणं म्हणतात. मी नोकरीवरून पावणेसातला घरी येते. नऊच्या सुमाराला सासूबाई बसतात, मग हे आणि मुलगी, मग दहाला मुलगा त्याचा लॅपटॉप बंद करून येतो. प्रत्येकासाठी तवा पुन्हा तापतो. एक हात लाटण्यावर, एक डोळा तव्यावर, कान बाहेर, कुणाला आणखी हवी का. शेवटच्या माझ्या दोन पोळ्या मी एकदमच भाजून घेते आणि ओट्यापाशीच ताट घेते. साडेदहा वाजलेले असतात. भाजी बहुतेक संपलेली असते. भात मात्र उरलेला असतो, आणि भात टाकवत नाही, म्हणून तो माझ्या ताटात येतो.

आता हे ताट डॉक्टरांच्या नजरेनं बघा. रात्री साडेदहाला, जवळजवळ भाजीशिवाय, पोळीवर भात, सात मिनिटांत. माझी साखर दुसरं काय करेल?

मी यावर बरंच वाचलं, दोन-तीन जाणत्यांना विचारलं. पोट भरल्याची खबर आतड्यांतून मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. सात मिनिटांत जेवणारा माणूस ती खबर यायच्या आत उठलेला असतो, आणि तोवर गरजेपेक्षा जास्त खाऊनही झालेलं असतं. पिष्टाचं पचन तोंडातच सुरू होतं, लाळेनं. घास न चावता ढकलला की ते कामही नीट होत नाही. आधी भाजी आणि डाळ खाऊन मग पोळी-भाताकडे वळलं, तर जेवणानंतर साखर तेवढी चढत नाही. आणि जसजशी रात्र होते तसतसं शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं. दुपारी साडेबाराला खाल्लेला तोच भात आणि रात्री साडेदहाला खाल्लेला तोच भात शरीरासाठी एक नसतो.

हे सगळं मी एका रात्री सासूबाईंना सांगत होते. त्या ७९ वर्षांच्या आहेत. साखर नाही, बीपीची एक गोळी, बाकी काही नाही. त्यांचं जेवण मी किती वर्षं बघतेय! पानावर बसल्या की आधी हात जोडतात. मग भाजी चाखतात. पोळीचा तुकडा लहान तोडतात, वरणात बुडवतात, चावतात, खिडकीबाहेर बघतात, एखादी जुनी गोष्ट काढतात. शेवटी ताक. पंचवीस मिनिटं आरामात. मी म्हटलं, "आई, तुमच्यासारखं जेवायला शिकलं पाहिजे मला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, मी काय जन्मापासून अशी जेवत्येय? रामबागेतल्या वाड्यात आम्ही चौदा माणसं. हे चित्राहुती घालून बसायचे, सगळे पुरुष निवांत जेवायचे, मग मुलं. शेवटी आम्ही दोघी जावा राहिलेलं एका परातीत घ्यायचो आणि पाच मिनिटांत उरकायचो. चारला पुन्हा चहाचं आधण. तू या घरात आलीस, माझ्या हातातलं लाटणं घेतलंस, तेव्हापासून मी बसून जेवायला लागले."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सासूबाईंचा मला राग आला नाही, उलट पोटात कालवलं. आम्ही सारखं म्हणतो की जुनी माणसं कशी सावकाश जेवायची, तेव्हा कसं सगळं संथ होतं. कुणाचं संथ होतं? ज्यांना वाढलं जायचं त्यांचं. वाढणारी तेव्हाही धावतच होती, आताही धावतेय. फरक इतकाच की आता ती धावून ऑफिसलाही जाते.

सरकारनं २०१९ साली देशभरात एक पाहणी केली होती, कोण कशात किती वेळ घालवतं याची. जे घरकाम करतात त्यांच्यातल्या बायकांची दिवसाची २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. आणि २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. त्याची कारणं अनेक आहेत, हे मला मान्य आहे. पण जी सगळ्यांत शेवटी जेवते, जिच्या ताटात भाजी पोचतच नाही, तिच्या रक्तात लोह येणार कुठून? देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींवर माझ्यासारखे उंबरठ्यावर आहेत, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) २०२३चा अभ्यास सांगतो. त्या १३ कोटींत ओट्यापाशी उभ्यानं जेवणाऱ्या किती असतील, हे कुणी मोजलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. संतुलित आहार, सावकाश जगणं, हे सगळं मला मनापासून पटतं. पण ज्या घरात पोळी तव्यावरून पानात पडते, त्या घरात सगळे सावकाश जेवूच शकत नाहीत. एक जण नेहमी उभं असणार. ते आधी थांबवा, मग ज्वारी-बाजरीचं बोलू.

मी थांबवलं. आता पोळ्या साडेसातलाच होतात. कापडात गुंडाळून डब्यात. आणि आठच्या ठोक्याला पाचही जण एकत्र बसतात. सांगायला सोपं वाटतं, पण पहिला आठवडा कठीण गेला. हे म्हणाले, गार पोळी घशाखाली उतरत नाही. मुलगा म्हणाला, आठला माझा कॉल असतो. मुलगी गप्प होती, पण तिसऱ्या दिवसापासून न सांगता कणीक भिजवायला लागली. मला वाटलं होतं सगळ्यांत जास्त विरोध सासूबाईंचा होईल. त्या म्हणाल्या, "डब्यात खाली पंचा घाल, वाफ धरत नाही." संपलं. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसानं गार पोळी मान्य केल्यावर बाकीच्यांना बोलायला जागाच उरली नाही. मुलाचा कॉल साडेआठला गेला. जाऊ शकत होता तर.

एकत्र बसल्यावर पहिल्याच दिवशी एक गोष्ट उघडी पडली. भाजी पुरली नाही. आजवर ती पुरतेय असं सगळ्यांना वाटायचं, कारण शेवटच्या ताटाकडे कुणी बघतच नव्हतं. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली दिलेल्या ताटात दिवसाला माणशी ४०० ग्रॅम भाज्या आहेत आणि धान्य फक्त २५० ग्रॅम. मी काट्यावर वजन करून पाहिलं. आमच्याकडे संध्याकाळी अर्धा किलो भेंडी यायची, पाच माणसांत. चिरून, परतून ती केवढीशी होते ते तुम्हाला माहीतच आहे. पाच जणांना दिवसाला दोन किलो भाजी हवी! आता हे शनिवारी चोइथराम मंडीत जातात आणि दोन मोठ्या पिशव्या आणतात. सकाळी एक भाजी, रात्री दोन, शिवाय कोशिंबीर. चिरायला वेळ लागतो, हो. म्हणून चिरायला तिघं बसतात.

ज्वारीचंही सांगते. सासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी माळव्यात पावसाळी पीक म्हणजे ज्वारी आणि मका. सत्तरच्या दशकापासून सोयाबीन आलं आणि शेतं बघता बघता त्यानं भरली. आपल्या खंडवा रोडवर तर सोयाबीनची संशोधन संस्थाच आहे. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, ते चांगलंच झालं, पण घरातली भाकरी मागे पडली. आता आठवड्यातून दोनदा भाकरी करतो. ती मी करत नाही, सासूबाई खुर्चीवर बसून थापतात आणि मुलगी भाजते. भाकरी भरभर खाताच येत नाही, चावावीच लागते.

आणि रात्र. आपल्या प्रांताची ओळखच रात्रीवर आहे. सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा. माळव्याची रात्र नावाजली गेली ती तिच्या गारव्यासाठी. दिवसभर काळी माती तापली तरी रात्री वारा सुटतो. मी लोकमान्य नगरात अठ्ठावीस वर्षं राहतेय, पण तो वारा मी कधी घेतलाच नव्हता, कारण त्या वेळी मी गॅससमोर असायचे. आता पावणेनऊला ओटा आवरलेला असतो. हे आणि मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. शतपावली. हा शब्द आपल्याकडे किती जुना आहे! जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हे आज डॉक्टर सांगतात. पहिल्या दिवशी आम्हाला एकमेकांशी काय बोलावं तेच सुचेना. आता परतताना गेटपाशी थांबून बोलणं संपवावं लागतं.

काही मैत्रिणी म्हणतात, गरम पोळी वाढण्यात माया असते, ती का तोडतेस? मला हे बोलणं लागतं, कारण ती माया मीही अठ्ठावीस वर्षं केली आहे, खोटी नव्हती. माझ्या आईनं माझ्या ताटात टाकलेल्या फुगलेल्या पोळीची वाफ मला अजून आठवते. पण मला हेही आठवतं की आईला मी जेवताना जवळजवळ बघितलंच नाही. ती गेली तेव्हा तिला वीस वर्षांचा मधुमेह होता. माझ्या मुलीला माझी आठवण पाठमोरी, तव्यासमोर उभी, अशी राहायला नको आहे मला.

सराफ्यात मी याही थंडीत जाणार आहे. गराडू खाणार, बसून, चावून, लिंबू पिळून. पुढची रक्ततपासणी तीन महिन्यांनी आहे, आकडा काय येईल तो येईल.

काल रात्री आठला बसलो. मी वेळ लावली नव्हती, मुलीनं लावली होती: माझी २२ मिनिटं. मध्येच वरण संपलं म्हणून सवयीनं मी उठायला लागले. सासूबाईंनी डब्यातली मधली, सगळ्यांत मऊ राहिलेली पोळी काढली, माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाल्या, "बस. तो आणतोय."