उपयोग काय झाला?

दुपारपासून एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. लांबलचक लिहिणार आहे, वेळ असेल त्यांनी वाचा.

भारतातून एक मैत्रीण आलीये. तिला आमचं मॅरिएटा, अमेरिकेत जॉर्जियातल्या अटलांटाजवळचं गाव, दाखवत होते. रॉसवेल रोडला, आय-७५ हायवेजवळ, लिओ फ्रँकला जमावाने झाडाला टांगलं त्या जागेची पाटी आहे. मी रोज तिथून ऑफिसला जाते. गाडी थांबवून तिला त्याची फाशी रद्द करणाऱ्या जॉर्जियाच्या गव्हर्नरची, जॉन स्लेटनची गोष्ट सांगितली. तिनं नीट ऐकलं आणि म्हणाली, "पण मग त्याच्या सहीचा उपयोग काय झाला? मेलाच ना तो."

मी काहीच बोलले नाही. गाडी सुरू केली. आता मात्र बोलायचंय.

मेरी फेगन १३ वर्षांची होती. अटलांटातल्या पेन्सिलीच्या कारखान्यात कामाला. २६ एप्रिल १९१३ ला ती आपली मजुरी घ्यायला गेली, १ डॉलर २० सेंट. तिचा मृतदेह तळघरात सापडला. त्या पोरीसाठी जीव तुटतोच, कुणाचाही तुटेल. पण लोकांना गुन्हेगार लगेच हवा होता. कारखान्याचा सुपरिटेंडेंट लिओ फ्रँक न्यूयॉर्ककडून आलेला, शिकलेला, ज्यू. मिळाला. खटला चालू असताना बाहेर एवढा जमाव, की निकालाच्या वेळी खुद्द न्यायाधीशांनीच फ्रँकला कोर्टात आणू नका म्हणून सांगितलं, सुटला असता तर तिथेच मारला असता म्हणून. फाशीची शिक्षा झाली. अपिलं फेटाळली गेली. सुप्रीम कोर्टातही ७ विरुद्ध २.

मग दयेच्या अर्जाचा कागद आला गव्हर्नरच्या टेबलावर. स्लेटनची मुदत २६ जूनला संपत होती, फाशी २२ जूनला होती. चार-पाच दिवस! तारीख पुढे ढकलून नव्या गव्हर्नरच्या गळ्यात घालता आलं असतं. कोण काय म्हणालं असतं? त्याऐवजी त्यानं हजारो पानं वाचून काढली. स्वतः कारखान्यात गेला. मुख्य साक्षीदार, झाडूवाला जिम कॉनली, म्हणत होता की मृतदेह लिफ्टने खाली नेला. स्लेटनने लिफ्ट पाहिली. ती खाली आली की थेट जमिनीला टेकायची. आणि लिफ्टच्या तळाशी पडलेली घाण खुनाच्या दुसऱ्या दिवशी तशीच होती, चिरडलेली नव्हती. लिफ्ट खाली आलीच नव्हती.

इथे मला दरवेळी अण्णा आठवतात. माझे वडील.

अण्णा एका गावात हेडमास्तर होते, गावाचं नाव नको. परीक्षा फीचे पैसे कपाटातून गेले. किल्ली शिपायाकडे, म्हणजे चोर तोच. लोक शाळेच्या दारात. संस्थेने त्याला काढायचा कागद तयार करून आणला, फक्त हेडमास्तरांची सही बाकी. त्या रात्री अण्णांनी आईच्या केसातला आकडा मागून घेतला आणि मला बॅटरी धरायला शाळेत नेलं. मी दहा वर्षांची. दुसऱ्या खटपटीत कुलूप उघडलं. अण्णा तिथेच खाली बसले, आकडा हातात. म्हणाले, "हे कुणीही उघडलं असतं गं."

त्यांनी सही केली नाही.

स्लेटनने केली. २१ जून १९१५, फाशीऐवजी जन्मठेप. फ्रँकला आधीच गुपचूप रात्री मिलेजव्हिलच्या तुरुंगात हलवलं होतं. घरी बायकोला स्लेटनने सांगितलं की यात माझा जीवही जाऊ शकतो. ती म्हणाली, भेकडाची बायको असण्यापेक्षा शूराची विधवा बरी. खरंच हजारो लोक त्याच्या घरावर चालून आले. लष्कर बोलवावं लागलं. मॅरिएटात त्याचा पुतळा फासावर चढवला.

आणि हो, स्लेटनच्या वकिली फर्ममध्ये फ्रँकचा वकील भागीदार झाला होता, हे खरं आहे. नको होतं व्हायला. त्याच जॉर्जियात काळ्या माणसांना सर्रास टांगत होते आणि त्यांच्यासाठी कुणी एवढी पानं वाचली नाहीत, तेही खरं. मान्य. पण म्हणून लिफ्टखालची घाण खोटी होत नाही!

पुढचं लिहिताना माझा हात थरथरतोय. १६ ऑगस्टच्या रात्री पंचवीसेक माणसं तुरुंगात घुसली. गुंड नव्हते, प्रतिष्ठित लोक होते, कट रचणाऱ्यांत तर एक माजी गव्हर्नरसुद्धा. रात्रभर गाड्या चालवत फ्रँकला मॅरिएटात आणलं आणि सकाळी फाशी दिली. लोकांनी फोटो काढले, त्यांची पोस्टकार्डं विकली. एकावरही खटला नाही. फाशी मागणारा सरकारी वकील ह्यू डॉर्सी पुढे गव्हर्नर झाला. आपल्या नियतकालिकांतून फ्रँकविरुद्ध आग ओकणारा टॉम वॉटसन सेनेटर झाला. आणि स्लेटन? पुन्हा एकदाही निवडून आला नाही. १९५५ मध्ये वारला. अलोन्झो मान नावाचा कारखान्यातला पोऱ्या १९८२ साली, म्हातारपणी बोलला, की कॉनलीला मेरीला उचलून नेताना मी पाहिलं होतं. त्याच्या आईने त्याला गप्प राहायला सांगितलं होतं. तोवर स्लेटनला जाऊन २७ वर्षं झाली होती.

आमच्याकडे त्या वर्षी संक्रांतीला आईने डबा भरून तिळगूळ केला होता. दरवर्षी अण्णांच्या पाया पडायला रांग लागायची. त्या दिवशी एकही माणूस आला नाही. आई दर थोड्या वेळाने डब्याचं झाकण उघडून पाहायची, जणू कुणी नेलाय का. मी अण्णांवर चिडले होते. करायची होती की सही, असं त्यांच्या तोंडावर म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं.

जूनमध्ये अण्णांची बदली झाली. नव्या हेडमास्तरांनी दोन महिन्यांत सही केली. शिपाई गेलाच.

म्हणून तुझं वाक्य लागलं. तुझी चूक नाही, तुला कुठे माहीत होतं. गाडीत सांगायला हवं होतं, पण आवाज फुटला नाही. मलाही वर्षानुवर्षं हेच वाटत होतं, आणि अण्णांना एकदाही विचारायची हिंमत झाली नाही. आता ते नाहीत.

रविवारी तुझं विमान रात्रीचं आहे ना? सकाळी अटलांटात स्लेटन ड्राइव्हवर जाऊ. तिथेही एक पाटी आहे, २०१५ मध्ये लावलेली, त्याच्या नावाची. लवकर निघू.