आईनं फोन फेकला तर?

ताई, तुम्ही नाव दिलेलं नाही. ‘एका अंगणवाडी सेविकेची मुलगी’ एवढीच सही आहे, म्हणून ताईच म्हणतो. स्मार्टफोन सोडून मी कीपॅडचा फोन घेतला, त्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते इतरांसाठी थोडक्यात सांगतो. हे पोट भरलेल्या माणसांचे चोचले आहेत. तुमच्या आईनं फोन फेकला तर तिचं मानधन अडकेल, वडिलांनी फेकला तर सातबाऱ्यावर पीक लागणार नाही. माझ्यासारख्यानं फोन सोडला म्हणून काम सुटत नाही, ते बायकोच्या फोनवर जातं. फोन वाईट नसतो, ज्याला तो आवरत नाही तो माणूस कच्चा असतो. आणि शेवटचं, बहुधा उपहासानं: ‘माझ्या वडिलांना कोणता फोन घेऊन देऊ तेही सांगून टाका.’

आधी बायकोचं. तुमची प्रतिक्रिया घरात तिनंच मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, ‘द्या की उत्तर आता.’

माझ्या फोनमुळं तिच्याकडं काय गेलं ते मूळ लेखात होतंच, पण ते शेवटाकडं होतं. मुलाच्या शाळेचा पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आणि सोसायटीचा गट, ही दोन्ही कामं सरळ तिच्याकडं गेली. बदल्यात बँकेची रांग, वीजबिल, रेशन, भाजी माझ्याकडं आली. गॅसचं बुकिंग कुणाकडंच गेलं नाही. नोंदवलेल्या नंबरावरून मिस्ड कॉल दिला की सिलिंडर लागतो आणि त्याला कीपॅड पुरतो. ओटीपी एसएमएसनं येतात. अशिलांची कराची रिटर्नं भरणं, खातं बघणं, हे उत्तर लिहिणं, सगळं ऑफिसातल्या संगणकावर होतं. मी इंटरनेट सोडलेलं नाही. खिशातून काढून टेबलावर ठेवलंय.

हा सौदा बरोबरीचा आहे का? बायको म्हणते, नाही. बँकेची रांग महिन्यातून एकदा, गट दिवसभर वाजतो. तिचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यावरचा उपाय मी तिच्या फोनवर शोधणार नाही. शाळेला लेखी विनंती केली की परीक्षेची आणि सुट्टीची सूचना एसएमएसनं किंवा वहीत द्या. उत्तर आलं, बाकी सगळे पालक गटावर आहेत, अडचण तुमच्या एकट्याची आहे. हे ‘तुमची एकट्याची’ लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कुणी काही सोडलं की त्याची भरपाई कोण करतं, ही तुमची शंका जुनी आणि रास्त आहे. विनोबांनी १९५० साली पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैसा सोडायचा म्हणजे दुसऱ्या कुणी आणून द्यायचा असं त्यांनी ठेवलं नाही. आश्रमातल्या लोकांनी बैलांशिवाय, कुदळीनं जमीन कसली, विहीर खणली, घाम गाळला. माझा कीपॅडचा फोन त्या तोडीचा अर्थातच नाही. पण कसोटी तीच लावायची: सोडणाऱ्याच्या अंगावर काम वाढलं की शेजारच्याच्या?

आता आईंचं. इथं मी तुमच्या बाजूचा आहे हे तुम्हाला पटेल की नाही माहीत नाही, तरी लिहितो.

२०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले फोन सरकारला परत केले. तुमच्या आईही कदाचित त्यांत असतील. एवढ्या मोठ्या संख्येनं माणसांनी ठरवून फोन परत दिल्याचा दुसरा प्रसंग निदान माझ्या माहितीत नाही, आणि साधेपणावर लिहिणाऱ्या आम्हा लोकांना तो आठवतसुद्धा नाही. २०१९मध्ये मिळालेले ते फोन दोन जीबी रॅमचे. त्यात पोषण ट्रॅकर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी अ‍ॅप, नीट उतरेना, फोन तापायचा, अडकायचा. वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीचा खर्च बाईच्या पदरचा. त्यात अ‍ॅप इंग्रजीत. त्यांची मागणी ‘फोन नको’ अशी नव्हती. चांगला फोन द्या आणि मराठीत चालणारं अ‍ॅप द्या, अशी होती. तुम्ही म्हणाल, बघा, त्यांना फोन हवाच होता. हो, कामाला हवा होता. कामाचं हत्यार काम देणाऱ्यानं द्यावं, धड द्यावं, आणि ते बिघडलं तर भुर्दंड कामगारावर टाकू नये, एवढी साधी मागणी होती ती. मी सोडला तो फोन आणि आईंच्या हातातला फोन दिसायला एकच असला तरी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा फोन माझा वेळ खात होता. त्यांच्या फोनमधून त्यांची हजेरी, त्यांचं काम आणि मानधन जातं.

आणि ते ओझं वाढतंच आहे. १ जुलै २०२५पासून टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा पाकीटबंद पोषण आहार, द्यायचा तर लाभार्थी बाईचा चेहरा फोननं ओळखावा लागतो. गावातल्या ज्या गरोदर बाईला सेविका लग्न होऊन आल्यापासून ओळखते, तिची ओळख आता कॅमेऱ्याला पटवायची. रेंज गेली, सर्व्हर अडला, चेहरा जुळला नाही की पाकीट सेविकेच्या हातात आणि बाई समोर उभी. शिव्या कुणाला बसतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

वडिलांच्या पिकाचंही हेच झालंय. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, म्हणजे शेतातल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतःच अ‍ॅपवर करायची. पूर्वी पीकपेरा लावणं तलाठ्याचं काम होतं. तलाठी बांधावर येतच नव्हते, चावडीत बसून ‘मागील पानावरून पुढे’ चालायचं, ही तक्रार खरी होती आणि अ‍ॅपमागचा हेतू मला वाईट वाटत नाही. शेतात उभं राहून फोटो काढायचा, जागा उपग्रहावरून ठरते, खोटी नोंद अवघड होते. पण काम कुठून कुठं गेलं बघा. पगारी माणसाकडून बिनपगारी माणसाकडं. वर त्याच्याकडं फोन हवा, डेटा हवा, शेतात रेंज हवी, मुदतीत सर्व्हर चालू हवा. नोंद नसेल तर पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभावानं विक्री, सगळ्यालाच अडचण. शेतकऱ्यांनी आपापसात वाट काढली: एकाच फोनवरून अनेकांच्या नोंदी करता येतात, म्हणून वाडीतला एखादा पोरगा सगळ्यांची पाहणी करत फिरतो.

हेच मला म्हणायचंय, ताई. तुमचा सगळा युक्तिवाद असा आहे की फोन सोडणं शक्य नाही. मी विचारतोय, ते अशक्य कुणी केलं? फोन उपयोगाचा आहे म्हणून लोक वापरतात, इथवर ठीक. पण आता कचेरीतली, बँकेतली खिडकी बंद करून फोन हातात दिला जातोय, आणि खिडकी चालवायचा खर्च वाचतोय तो कुणाचा, हे विचारायचं सोडून आपण एकमेकांनाच कच्चा आणि चोचलेवाला म्हणतोय. शाळेनं मला दिलेलं उत्तर आठवा: अडचण तुमच्या एकट्याची आहे. माझी हौस होती, मी ऐकून घेतलं. ज्या बापाकडं स्मार्टफोन नाहीच, त्यालाही हेच उत्तर मिळतं, आणि तो परत कधी विचारत नाही. ज्याला परवडतं त्यानं रांगेत उभं राहून, पुन्हापुन्हा विचारून खिडकी उघडी ठेवायला लावली, तर ती ज्याला परवडत नाही त्याच्याही कामी येते. तुम्ही याला चोचले म्हणा. खिडकीपलीकडचा कारकूनही मला तेच म्हणतो.

हे शक्य असतं याची खूण हवी असेल तर एक बारकी गोष्ट. कीपॅडवाल्यांना वर्षानुवर्षं डेटाचे पैसे भरायला लागत होते, कारण डेटाशिवायचा धड रिचार्जच मिळत नव्हता. २०२४च्या डिसेंबरात ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक काढायला लावले. कुणीतरी तक्रारी करत राहिलं म्हणूनच ना? पैशाचंही तसंच. ८ मार्च २०२२ला रिझर्व्ह बँकेनं साध्या फोनवरून इंटरनेटशिवाय पैसे पाठवायला यूपीआय १२३पे आणलं, *९९# हा नंबर फिरवून पैसे पाठवायची सोय तर त्याच्याही आधीपासून आहे. वापरायला कंटाळवाणं आहे हे कबूल. आकडे दाबत जायचं, मध्येच सत्र तुटतं, पुन्हा पहिल्यापासून. भाजीवालीचा क्यूआर कोड माझ्या फोनला वाचता येत नाही. तिचा नंबर विचारावा लागतो आणि मागच्या गिऱ्हाईकाच्या कपाळाला आठ्या पडतात. मी बहुतेक वेळा रोखच देतो. सुट्ट्या पैशांची बोंब आहे, पण ती २०१६च्या आधीही होती.

आता ‘माणूस कच्चा’. असेन. पण माणूस पक्का करण्यावर माझा फारसा विश्वास नाही. पलीकडं शेकडो हुशार पगारी माणसं, बोट थांबू नये यासाठी राबतायत आणि अलीकडं रात्री साडेअकराला दमलेला मी एकटा. या कुस्तीत मला ‘मनावर ताबा ठेव’ सांगणं म्हणजे हरलेल्याला तू जोर लावला नाहीस असं सांगणं.

यावर मला सगळ्यांत आवडलेला तोडगा आमच्या सांगली जिल्ह्यातलाच आहे. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, गाव टीव्ही आणि मोबाईल बंद करतं, साडेआठला पुन्हा भोंगा. मधल्या दीड तासात पोरं अभ्यास करतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर आली, पोरांच्या हातात फोन गेला तो परत येईना, त्यातून हे निघालं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात बान्सी गावानं अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीच केली. मला वडगावचं पटतं, बान्सीचं नाही. बान्सीत मोठ्यांनी लहानांना नियम लावला. वडगावात भोंगा सरपंचालाही ऐकू येतो. आणि मुख्य म्हणजे तिथं कुणा एकाला पक्कं व्हावं लागत नाही. सात वाजता गटावर कुणीच नसतं, त्यामुळं आपलं काही चुकतंय असं वाटायचं कारण उरत नाही. शहरातल्या सोसायटीत असा भोंगा वाजवून बघायची माझी इच्छा आहे. सेक्रेटरींना एकदा सुचवलं. ते हसले आणि म्हणाले, गटावर टाका.

तुम्ही अडीनडीचंही विचारलं होतंत. १०८ आणि ११२ कुठल्याही फोनवरून लागतात. रस्ता चुकलो तर विचारतो, सांगणारा आनंदानं सांगतो, क्वचित चुकीचाही सांगतो. यात लिहिण्यासारखं फार काही नाही.

राहिले वडील. तुमच्या प्रश्नाला मी खरोखरचा प्रश्न समजून उत्तर देतो. घरातला स्मार्टफोन काढू नका. आईंच्या कामाच्या फोनवर वडिलांचं काही टाकू नका, तो त्यांच्या कामालाच राहू दे. पीक पाहणी तुम्ही गावी गेलात की तुमच्या फोनवरून करा. नाहीच जमलं तर शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्या नोंदींसाठी नेमलेल्या सहायकाची पाहणी असते, त्या माणसाचं नाव तलाठ्याकडून आधीच काढून ठेवा, मागाहून धावाधाव नको. आणि वडिलांना खिशात ठेवायला वेगळा फोन हवाच असेल, म्हणजे त्यांना स्वतःला हवा असेल, तर कीपॅडचा घ्या, पण ४जी बघून घ्या. जिओचं सिम असेल तर २जी फोनमध्ये ते चालतच नाही, जिओचं २जी नेटवर्कच नाही. दुकानदार हे सांगेलच असं नाही. बॅटरी काढता येणारी असावी. वर टॉर्चचं वेगळं बटण असावं, रात्रपाळीच्या विजेला मोटर चालू करायला जाताना तेच लागतं. आधार, बँक आणि गॅसला जोडलेला नंबर याच फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी त्यांच्या खिशात येईल आणि तो कुणाला सांगायचा नाही हे एकदा बसवून सांगा. रिचार्ज करताना कॉल-एसएमएसचाच पॅक नाव घेऊन मागा. मागितल्याशिवाय दुकानदार तो काढत नाही.